"बिल दाखवा मॅडम": मॉलच्या दारावर डोकं न फिरवता बाहेर कसं पडायचं

मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवार संध्याकाळ, पगार नुकताच झालेला, म्हणजे अख्खं जुळे सोलापूर त्या एकाच दुकानात. काउंटरला पस्तीस मिनिटं उभं राहून बिल झालं, सुटलो एकदाचं म्हणून ट्रॉली ढकलत दाराकडं गेले तर तिथं परत लाईन. सिक्युरिटीवाले मामा एकेकाचं बिल घेणार, पिशवीत डोकावणार, बिलावर शिक्का मारणार, मग सोडणार. माझ्यापुढं अकरा माणसं. त्यात आमचा पाण्याचा दिवस, नळ सातला यायचा, चार-पाच दिवसांनी येणारं पाणी चुकलं की काय होतं ते सोलापूरकरांना मी वेगळं सांगायला नको. सासूबाईंचे गुडघे बोलायला लागलेले. तेवढ्यात पुढं एका दादाचा आवाज चढला, "आत्ताच पैसे दिले ना बे तुमच्या माणसाला, तो काय झोपला होता का?" मामा गप्प. लाईन जागेवर. दादा पाच मिनिटं भांडला आणि शेवटी बिल दाखवूनच गेला. म्हणजे त्याची पाच मिनिटं गेली, आमची सगळ्यांची पाच-पाच मिनिटं गेली, मामांचा मूड गेला आणि माझा नळ पण गेला.

मी काही लै शहाणी म्हणून सांगत नाहीये, मी स्वतः त्या दादाच्या जागी दोनदा उभी राहिलेय आणि दोन्ही वेळेला घरी येऊन रात्री अकरापर्यंत नवऱ्याचं डोकं खाल्लंय. राग येतोच ओ. नवी पेठेत साडी घ्या, चाटी गल्लीत कापड घ्या, लक्ष्मी मार्केटात भाजी घ्या, पैसे दिले की दुकानदार "या परत अक्का" म्हणतो, मागनं पळत येऊन पिशवी उघडून बघत नाही. आणि इथं तीन-चार हजार मोजून पण आपण पिशवीचं तोंड उघडं करून उभं राहायचं, आणि मागचे लोक आपण कुठल्या साबणानं अंघोळ करतो ते बघणार. पण त्या दुकानात आपण परत जाणारच आहोत, तेल तिथं स्वस्त मिळतं, मग दर वेळेला रक्त आटवण्यापेक्षा काही गोष्टी आधीच केल्या तर दारावरचं काम दहा सेकंदात होतं. आणि दहा सेकंदात झालं नाही तर कुठवर ऐकायचं आणि कुठं "नाही" म्हणायचं हे पण माहीत पाहिजे. ते सगळं एकदाच लिहून टाकते.

मामा नक्की काय बघतात

हे मला माझ्या मावसभावानं सांगितलं, तो असल्याच एका दुकानात दोन वर्षं फ्लोअरवर होता. मला वाटायचं ते आपल्यावर संशय घेतात. तो म्हणला, "तुझ्यावर कोण संशय घेतंय, अर्धी तपासणी आमच्यावरच असते." म्हणजे असं, की काउंटरवरच्या पोरानं ओळखीच्या माणसाचे तुपाचे दोन डबे घेतले आणि स्कॅन एकच केला, तर ते कुठं पकडणार? दारावरच. म्हणून काउंटरवाला वेगळा आणि दारावरचा वेगळा, बऱ्याच ठिकाणी तर दारावरचा माणूस सिक्युरिटी एजन्सीचा असतो, दुकानाचा नसतोच.

आणि तो शिक्का किंवा पेनाची रेघ किंवा बिलाला पाडलेलं भोक, ते कशाला? तर एकाच बिलावर दोनदा माल जाऊ नये म्हणून. एक जण बिल करून माल बाहेर नेतो, पार्किंगमध्ये बिल मित्राच्या हातात देतो, मित्र आत जाऊन तोच माल तेवढाच उचलतो आणि तेच बिल दाखवून बाहेर. बिलावर शिक्का पडला की हा धंदा बंद. हे कळल्यापासून माझा निम्मा राग गेला, खरं सांगते. निम्माच.

आता मामा काय ३८ आयटम एकेक जुळवत नाहीत, त्यांना तेवढा वेळच नसतो. ते बघतात तारीख आणि वेळ, खालची एकूण नगांची संख्या, आणि महागाच्या दोन-चार वस्तू: तूप, काजू-बदाम, शेव्हिंगची ब्लेडं, क्रीम-शाम्पू, मोठी चॉकलेटं, तेलाचे डबे. हे लक्षात ठेवा, खाली कामाला येतंय.

आत जाण्याआधीच निम्मं काम होतं

सगळ्यात जास्त लफडी होतात ती घरनं नेलेल्या पिशवीमुळं. २०१८ ला महाराष्ट्रात प्लास्टिक बंदी आली तेव्हापासून आपण सगळेच कापडी पिशव्या घेऊन फिरतो, चांगलंच आहे, पण पिशवी रिकामी न्या. रिकामी. त्यात आधीच कुठनं तरी घेतलेली वस्तू असेल तर दारावर तुमचा वेळ जाणारच.

माझं झालेलं सांगते. पुण्याला दिराकडं जायचं होतं म्हणून आमच्या नेहमीच्या दुकानातनं अर्धा किलो शेंगा चटणी घेतली आणि पर्समध्येच ठेवली, तिथनं सरळ मॉलमध्ये. बाहेर पडताना पर्सचं तोंड जरा उघडं होतं, त्यातनं पुडी दिसली. "मॅडम याचं बिल?" आता चटणीवाल्यानं कधी कुणाला बिल दिलंय का? तो खलबत्त्यातनं काढतो, तोलतो, बांधून देतो. मी म्हणलं बाहेरनं घेतलीय. मामा म्हणले आमच्याकडं पण शेंगा चटणी आहे. आहे की, असणारच, सोलापुरात दुकान टाकलंय तर शेंगा चटणी नाही ठेवणार तर काय ठेवणार. वीस मिनिटं. मॅनेजर आला, पुडी उलटीपालटी केली, आणि शेवटी त्यालाच सुचलं की दुकानातल्या प्रत्येक पाकिटावर बारकोड असतोय आणि माझ्या पुडीवर नुसता तेलाचा डाग होता. त्या डागानं मला सोडवलं.

तर शिकायचं काय, तर बाहेरची वस्तू बरोबर असेल तर आत जातानाच दारावर दाखवायची. "मामा हे बाहेरनं आणलंय, बघून ठेवा." काही दुकानात ते त्यावर स्टिकर लावतात, काही ठिकाणी पिशवीला केबल टाय लावून तोंड बंद करून देतात. काहीच करत नसतील तर दारात उभं राहून मोबाईलवर त्या वस्तूचा एक फोटो काढा, फोटोवर वेळ येते, तुम्ही आत जायच्या आधीपासून ती वस्तू तुमच्याकडं होती एवढं त्यातनं दिसतं. पाण्याची अर्धी बाटली, पोराचा बिस्कीट पुडा, छत्री, हे पण त्यात धरा. उन्हाळ्यात आपल्याकडं बाटलीशिवाय घराबाहेर पाय टाकता येत नाही आणि त्याच कंपनीची बाटली आत पण विकायला असते.

पिशव्या ठेवायचा काउंटर असेल तर टोकन घेऊन ठेवा, पण त्यात पैसे, दागिने, लॅपटॉप, कागदपत्रं ठेवू नका. तिथं बोर्ड लावलेला असतो, सामानाची जबाबदारी आमची नाही म्हणून. त्या बोर्डानं त्यांची जबाबदारी खरंच संपते का हा वेगळा विषय आहे, पण मंगळसूत्र गेल्यावर तो वाद घालायला कुणाला आवडेल?

वेळ पण बघून जावा. एक तारीख ते दहा तारीख आणि रविवार संध्याकाळ हे सोडून. मी आता मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी साडेदहाला जाते, दारावरचे मामा खुर्ची शोधत असतात इतकी शांतता. दिवाळीच्या आधीचा आठवडा आणि जानेवारीतल्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस तर विसराच.

काउंटरवर

इथं जरा डोळे उघडे ठेवायचे, कारण दारावर जे निघतं ते सगळं काउंटरवर घडलेलं असतं. पोरगा स्कॅन करत असताना आपण मोबाईल बघत बसतो. नका बघू. स्क्रीन आपल्याकडं वळवलेली असते ती आपल्यासाठीच. एक वस्तू दोनदा स्कॅन होणं हे रोजचं आहे, मुद्दाम करतात असं नाही, बीप ऐकू आला नाही की ती पोरं परत फिरवतात. आणि उलट पण होतं, एखादी वस्तू स्कॅन न होताच पिशवीत जाते, आणि मग दारावर चोर कोण, तर आपण. म्हणून महागाच्या वस्तू आधी पट्ट्यावर ठेवा, मोजून ठेवा, आणि बिल हातात आल्यावर तिथंच उभं राहून खालची एकूण नगसंख्या आणि त्या चार महागाच्या ओळी बघा. मागचा माणूस "अहो व्हा की पुढं" म्हणला तरी बघा, अर्धा मिनिट लागतो. छापील किमतीपेक्षा जास्त लावलेलं असेल तर तिथंच बोला, छापील किमतीच्या वर पॅकबंद वस्तू विकता येत नाही, तसं झालं तर वैध मापन शास्त्र विभागाकडं तक्रार करता येते. ऑफर लागली नसेल तर ते पण तिथंच. दारापलीकडं गेल्यावर कोण ऐकत नाही.

पोरानं आत फिरताना चॉकलेट फोडून खाल्लं असेल तर कागद टाकू नका, तो कागद स्कॅन करायला द्या. आमच्या बारक्यानं एकदा वेफर्स संपवून पाकीट ट्रॉलीच्या तळाला कोंबलं होतं, ते दारावर निघालं. दहा रुपयाचं पाकीट आणि मान खाली. परत लाईनीत उभी राहून बिल करून आले.

कपडे घेतले असतील तर चोरी पकडायचा टॅग काढला का ते प्रत्येक कपड्याला बघा. तो कडक प्लास्टिकचा बटणासारखा असतो तो काउंटरवर चुंबकानं काढतात, आणि स्टिकरसारखा चपटा असतो तो एका पॅडवर ठेवून बंद करतात. राहिला की दारातले खांब बोंबलायला लागतात आणि अख्खं दुकान आपल्याकडं बघतं. माझ्या नवऱ्याच्या शर्टाला टॅग राहिला होता आणि त्या दिवशी खांब बंद होते की काय कुणास ठाऊक, वाजलंच नाही, घरी इस्त्री करताना दिसलं. तो पकड घेऊन बसला होता तोडायला, मी हातातनं काढून घेतला. काही टॅगमध्ये शाई असते, फोडला की शर्टाची वाट. आणि तो शर्ट घालून दुसऱ्या दुकानात गेलात तर तिथले खांब पण वाजू शकतात. बिल घेऊन परत जायचं आणि काढून आणायचा, एवढाच उपाय.

मोबाईल नंबर मागतात, तो द्यायचा का? द्यायलाच पाहिजे असं नाही. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानंच दुकानदारांना सांगितलंय की नंबर दिला नाही म्हणून बिल अडवू नका. "सिस्टीम पुढं जात नाही मॅडम" म्हणतात, मग म्हणायचं तुमचा घाला. पण एक आहे, नंबर दिला तर बिल मोबाईलवर येतं आणि कागद हरवला तरी दारावर दाखवता येतं, मग पुढं वर्षभर ऑफरचे मेसेज. ज्याचं त्यानं ठरवा.

कॅरीबॅगचे पैसे लावले असतील तर आधी सांगितलं होतं का ते विचारा. चंदीगडला २०१९ मध्ये बाटाच्या दुकानात एका ग्राहकाला कागदी पिशवीचे ३ रुपये लावले, तो ग्राहक मंचात गेला आणि कंपनीला ती पिशवी सगळं मिळून ९ हजारांना पडली. ३ रुपयांसाठी कोण भांडतं म्हणणाऱ्यांसाठी सांगितलं.

आणि बिलाचा फोटो. काउंटरवरच काढा, घरी जाऊन नाही. हा कागद थर्मल असतो, त्यावर शाई नसतेच, उष्णतेनं अक्षरं उमटतात. म्हणजे उष्णतेनंच खराब पण होतात. आपल्या मे महिन्याच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर बिल ठेवून बघा एकदा. प्लास्टिकच्या पाकिटात, तेलकट हातानं, उन्हात, कसंही ठेवलं तरी पुसट होतंय, आणि वॉरंटीच्या वेळेला आपण कोरा कागद घेऊन उभे. दोनशे रुपयांच्या आतलं काही घेतलं आणि बिल दिलं नाही तर मागून घ्या, तेवढ्याला न मागता बिल द्यायची सक्ती जीएसटीत नाही, पण मागितलं तर द्यावं लागतं. नुसता एक कंगवा घेऊन बिल न घेता दाराकडं गेलात तर काय होईल ते आता तुम्हीच सांगा.

दारावर

बिल हातात ठेवा. खिशात नाही, पर्सच्या तिसऱ्या कप्प्यात नाही, ट्रॉलीत कणकेच्या पोत्याखाली तर मुळीच नाही. माझं निरीक्षण आहे, लाईन जी तुंबते ती मामांमुळं कमी आणि बिल शोधणाऱ्यांमुळं जास्त. मगाशी सांगितलेल्या महागाच्या चार वस्तू पिशवीत सगळ्यात वर. मी तर सरळ एका छोट्या पिशवीत वेगळ्याच भरते आणि ती पिशवी पुढं करते, "मामा, तूप दोन, काजू एक, फेसवॉश एक, बघा." त्यांना जे शोधायचं असतं ते मीच समोर ठेवल्यावर ते बाकीचं उपसत नाहीत. शिक्का, निघाले.

एका बिलावर दोन माणसं पिशव्या वाटून घेत असाल तर दोघं बरोबरच बाहेर पडा. नवरा गाडी काढायला म्हणून एक पिशवी घेऊन पुढं जातो आणि बिल बायकोकडं, मग तो दारात अडकतो आणि फोनवर "कुठं आहेस गं" सुरू. गाडी काढायला जायचं तर मोकळ्या हातानं जा.

आणि बोलताना नीट बोला. हे मी नैतिकता म्हणून नाही सांगत. बऱ्याच मामांची ड्युटी बारा-बारा तासांची असते, उभ्यानं, आणि प्रत्येक तिसरा माणूस त्यांच्यावर चिडलेला. त्यांनी नियम केलेला नाही, ते मोडू पण शकत नाहीत. तक्रार करायची तर वर करा, ती कशी ते खाली आहे. म्हातारी माणसं, गरोदर बाई, कडेवर पोर असेल तर सरळ सांगा की पुढं घ्या, माझ्या अनुभवात नाही म्हणलेलं कुणी नाही. सासूबाई आता स्वतःच पुढं जातात, "ए बाळा, लवकर बघ रे, गुडघे गेलेत माझे," मामा साठीचे असले तरी बाळाच.

कुठं थांबायचं

आता हा भाग नीट वाचा, माझी चिडचिड इथंच आहे.

बिल आणि दुकानाची पिशवी दाखवणं, इथपर्यंत मी ऐकते. त्याच्यापुढं नाही. माझी पर्स, माझे खिसे, माझं अंग, यांना हात लावायचा नाही. काउंटरवर पैसे दिले की तो माल तुमचा झाला, दुकानाचा राहिला नाही, १९३० चा माल विक्री कायदा आहे त्याच्यात हेच आहे. आणि दुकानाच्या सिक्युरिटीला गिऱ्हाइकाच्या अंगाची झडती घ्यायचा अधिकार कुठल्या कायद्यानं दिलेला नाही. ते पोलीस नाहीत. खाकीसारखा ड्रेस घातला तरी नाहीत, आणि पोलिसांसारखा गणवेश घालायला तर त्यांना २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सीच्या कायद्यानं मनाईच आहे. त्याच कायद्यात गार्डकडं फोटोवालं ओळखपत्र पाहिजे असं पण आहे, म्हणजे कुणी उद्धटपणा केला तर ओळखपत्र बघायला मागा, नाव लक्षात ठेवा.

माझ्या आईच्या बाबतीत झालं म्हणून हे सगळं मी शोधून काढलं. ती एकटी गेली होती, खांब वाजले, आणि तिथल्या पोऱ्यानं सरळ तिच्या हातातली पर्स ओढून टेबलावर उपडी केली. चष्म्याचं घर, बीपीच्या गोळ्या, सिद्धेश्वरांचा अंगारा, रुमालात बांधलेले दोनशे रुपये. सगळे बघतायत. निघालं काही नाही, एका ब्लाउजपीसचा चपटा टॅग बंद करायचा राहिला होता, त्यांच्याच काउंटरवर. "सॉरी आजी" म्हणले. आई घरी येऊन काही बोलली नाही, पण त्या दुकानात परत पाय ठेवला नाही तिनं.

तर खांब वाजले तर काय करायचं. पळू नका, घाबरू नका, जागेवर उभं राहा. सगळ्या पिशव्या एकेक करून त्या खांबांमधनं न्यायला सांगा, जी वाजेल ती काउंटरवर न्यायची. त्यातनं नव्वद टक्के वेळा टॅगच निघतो, हा माझा अंदाज आहे, कुठली पाहणी नाही. तरी पर्स बघायचीच म्हणले तर मी स्वतः उघडून दाखवते, माझ्या हातानं, आणि तिथं लेडीज गार्ड असेल तरच. अंगाला हात लावायचा म्हणले तर स्पष्ट नाही, पोलीस बोलवा. हे वाक्य पाठ करून ठेवा: "तुम्हाला संशय असेल तर ११२ ला फोन लावा, मी इथंच उभी आहे." ओरडून नाही, शांतपणे. बहुतेक वेळा इथंच मॅनेजर पळत येतो.

आतल्या खोलीत चला म्हणले तर एकट्यानं जाऊ नका. जिथं कॅमेरा आहे आणि चार लोक बघतायत तिथंच बोला. कसलाही माफीनामा लिहून देऊ नका, दहापट दंड भरा म्हणले तर भरू नका, असला दंड लावायचा हक्क दुकानाला नाही. चोरी झालीय असं त्यांचं म्हणणं असेल तर त्यांनी पोलिसात जावं, आणि तुम्ही पण म्हणा जाऊया की, सदर बझार असो नाहीतर विजापूर नाका, पोलीस स्टेशन काही लांब नाही. साध्या माणसाला दुसऱ्याला धरून ठेवता येतं ते फक्त त्याच्या डोळ्यादेखत अजामीनपात्र आणि दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात असा) गुन्हा झाला किंवा तो माणूस फरार घोषित गुन्हेगार असेल तर, आणि मग सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं, हे नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये आहे. नुसत्या शंकेवर तासभर बसवून ठेवायचं, जाऊ द्यायचं नाही, हे भारतीय न्याय संहितेच्या १२६ आणि १२७ कलमात गुन्हा म्हणून येतं. १२६ म्हणजे वाट अडवणं, त्याला एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १२७ म्हणजे कोंडून ठेवणं, तिथं कैद वर्षभरापर्यंत.

आता कुणीतरी विचारणार, मग बिल पण दाखवायचं नाही म्हणलं तर? बिल दाखवायला नाही म्हणल्यानं कुणी चोर ठरत नाही हे खरं. माझी नणंद अमेरिकेत असते, तिथं कॉस्टको म्हणून मोठं दुकान आहे, त्यात मेंबर असल्याशिवाय खरेदीच करता येत नाही आणि मेंबरशिपच्या अटीतच लिहिलंय की दारावर बिल तपासलं जाईल. आपण इथं असली कुठली सही केलेली नाही, दारात फार तर बोर्ड असतो. पण खरं सांगू का, मी दाखवते. दहा सेकंदांसाठी मी तत्त्वाची लढाई लढत नाही, माझी ताकद पर्सवर हात टाकणाऱ्यासाठी ठेवते. तुम्हाला पटत नसेल तर तुमची मर्जी, फक्त मागं माझ्यासारखी कुणीतरी पाण्याच्या दिवशी उभी असेल एवढं बघा.

त्रास दिलाच तर

त्याच दिवशी मॅनेजरकडं लेखी द्या. साध्या कागदावर, तारीख, वेळ, कुठल्या दारावर, काय झालं, कोण होतं. पोच घ्या, पोच देत नसतील तर कागदाचा फोटो काढून कंपनीच्या कस्टमर केअरला मेल करा. त्यात एक ओळ हमखास टाका, की त्या वेळेचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा. काही दिवसांनी जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं, आणि मग ते म्हणतात असं काही झालंच नाही.

उत्तर आलं नाही तर १९१५ ला फोन करा, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे, मराठीत बोलता येतं. ते कंपनीकडं तक्रार पाठवतात आणि तुम्हाला नंबर देतात. मोठ्या कंपन्यांना हे फार आवडत नाही, बरीच प्रकरणं इथंच मिटतात. त्यानं पण नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, तो सोलापुरातच आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण जिथं राहतो तिथंच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस मुंबईला असू दे नाहीतर बेंगलोरला. खरेदी ५ लाखांच्या आतली असेल तर फी नाही, वकील पाहिजेच असं नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि आता ई-जागृती पोर्टलवरनं घरबसल्या भरता येतं. तक्रार दुकानावर आणि कंपनीवर करा, एकट्या गार्डवर नको, नाहीतर कंपनी त्या गरिबाला काढून टाकते आणि दुसऱ्या दिवशी नवीन माणूस तेच करत उभा.

आईच्या वेळेला आम्ही यातलं काहीच केलं नव्हतं. फुटेजचं मला चार महिन्यांनी सुचलं, तोवर काय राहतंय.

घरी आल्यावर बिल लगेच फेकू नका. शिक्का मारलेलं असलं तरी परत करायला तेच लागतं. खराब निघालेला माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत परत घ्यावा लागतो, आणि मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत, "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं मोठ्या अक्षरात छापलं असलं तरी. आमच्याकडं फ्रीजवर चहाचा रिकामा डबा आहे, त्यात महिन्याची बिलं जातात आणि पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला मी तो रिकामा करते, मिक्सर-इस्त्रीची बिलं तेवढी बाजूला काढून. त्या शर्टाचं बिल त्याच डब्यात सापडलं होतं, नाहीतर नवरा अजून पकड घेऊनच बसला असता.